गिटार कोणाची, हिशेब कोणाचा?

(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



१९४१ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर दोन पाहुणे आले. एक होते वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी लोकगीते ध्वनिमुद्रित करीत हिंडणारे गोरे संशोधक ॲलन लोमॅक्स, आणि दुसरे फिस्क विद्यापीठातील कृष्णवर्णीय संगीतज्ञ जॉन वर्क. मकिन्ली मॉर्गनफील्ड नावाच्या मजुराची ते चौकशी करीत होते. ती ऐकून मजूर धास्तावला. तो चोरून दारू विकत असे. तेव्हा सरकारी माणूस आपल्याला धरायला आला असावा, असा त्याचा समज झाला. त्या दिवशी त्याने आपला आवाज आणि आपली गिटार यंत्रातून ऐकली. पुढे टपालाने त्याला दोन तबकड्या आणि वीस डॉलरचा धनादेश मिळाला. हाच मजूर पुढे मडी वॉटर्स या नावाने जगाला ठाऊक झाला.

ही कथा संगीताच्या पुस्तकांतून नेहमी सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभण्यासारखा आहे. मॉर्गनफील्ड मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत असे आणि त्याला ताशी साडेबावीस सेंट मिळत. १९४३ च्या मे महिन्यात त्याने मुकादमाकडे ताशी पंचवीस सेंटांची मागणी केली. अडीच सेंटांची वाढ! मुकादमाने ती संतापून फेटाळली. काही दिवसांतच तो शिकागोच्या आगगाडीत बसला. सोबत कपड्यांची एक पेटी होती आणि एक गिटार होती.

ब्लूज गिटारवादक असणे म्हणजे काय, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे, की दुःखाला सूर देणारा माणूस म्हणजे ब्लूज गिटारवादक. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे; आणि अपुरे उत्तर पुष्कळदा सोयीचे असते. दुःख कोठून आले हे न विचारता त्याचा आस्वाद घेण्याची मोकळीक त्यात मिळते. वास्तविक ब्लूज गिटारवादक हा प्रथम एक श्रमिक होता. ज्या व्यवस्थेत त्याच्या श्रमाचा हिशेब सदैव दुसऱ्याच्या हाती राहिला, त्या व्यवस्थेत आपल्या श्रमावर आपला हक्क सांगण्याचा एक मार्ग त्याने गिटारीच्या रूपाने शोधला. तो मार्ग कोठवर पोहोचला आणि कोठे अडला, हे पाहिल्यावाचून त्याचे गाणे नीट कळणार नाही.

मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधील गाळाच्या सपाट जमिनीला तेथे ‘डेल्टा’ म्हणतात. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. जमिनीची मालकी मात्र होती तेथेच राहिली. कालच्या गुलामाला स्वातंत्र्य मिळाले, पण जमीन मिळाली नाही, खेचर मिळाले नाही, नांगर मिळाला नाही. तेव्हा तो अर्धेलीने जमीन कसू लागला. मालकाने जमीन, बियाणे आणि अवजारे द्यावयाची, बटाईदाराने सहकुटुंब राबावयाचे, आणि कापूस निघाल्यावर निम्मा वाटा घ्यावयाचा, असा हा करार. वरवर पाहता तो न्याय्य वाटतो. परंतु पीक हाती येईपर्यंत खायचे काय? त्यासाठी मालकाच्याच दुकानातून पीठ, मीठ, कापडचोपड उधारीवर घ्यावे लागे. आपल्याकडे ऊसतोड मजुराला ‘उचल’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. डेल्टातील उचल याच जातीची होती. वर्षाअखेरीस, नाताळच्या सुमारास, मालक खतावणी उघडून बसे. कापसाचे वजन त्याच्या काट्यावर, भाव त्याने सांगितलेला, व्याज त्याने लावलेले आणि बेरीजही त्यानेच केलेली. सारे वर्ष राबून बटाईदाराच्या नावावर पुष्कळदा कर्जच निघे, आणि कर्ज फिटल्याशिवाय मळा सोडता येत नसे. त्या खतावणीविषयी शंका काढणे म्हणजे जिवाशी गाठ होती. शिवाय भटकेपणाच्या कायद्यांचा धाक होताच. कामाविना रस्त्यावर सापडलेल्या काळ्या माणसाला तुरुंगात टाकता येई, आणि मिसिसिपीचा पार्चमन तुरुंग हाही एक विस्तीर्ण कापसाचा मळाच होता.

या पार्श्वभूमीवर गिटार ही केवळ हौसेची वस्तू राहत नाही. जमीन मालकाची, खेचर मालकाचे, झोपडी मालकाची. बटाईदाराच्या मालकीचे असे उत्पादनाचे साधन कोणते, असे विचारले तर पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर येईल, आणि ते म्हणजे गिटार. शिकागोच्या सीअर्स रोबक कंपनीच्या टपाल-सूचीतून ती काही डॉलरांत मागवता येई. टपालाने मागवण्यात आणखी एक लाभ होता. गावच्या दुकानदाराची मर्जी सांभाळावी लागत नसे. सूची छापणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या कातडीचा रंग दिसत नसे. मडी वॉटर्सने आपली पहिली गिटार घोडा विकून आलेल्या पैशांतून, सुमारे अडीच डॉलरांना घेतली. ज्यांच्याजवळ तेवढेही नव्हते त्यांनी झोपडीच्या भिंतीवर खिळे ठोकून केरसुणीची तार ताणली, तिच्याखाली बाटली सरकवली आणि त्या एका तारेवर हात बसवला. कितीतरी नामांकित वादकांची पहिली शाळा ही भिंतच होती.

येथे एका प्रसिद्ध दंतकथेचा समाचार घेणे आवश्यक आहे. रॉबर्ट जॉन्सन हा १९११ मध्ये जन्मलेला आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी मरण पावलेला अद्वितीय वादक. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये त्याची एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्याच्याविषयी असे सांगतात, की मध्यरात्री एका चौरस्त्यावर त्याने आपला आत्मा सैतानाला विकला आणि त्या बदल्यात ही विद्या मिळवली. ही कथा जगभर विकली गेली. खरी हकिकत साधी आहे. सुरुवातीला त्याचे वादन सामान्य होते. वडीलधारे वादक त्याची थट्टा करीत. तो आपल्या जन्मगावाकडे गेला, आइक झिमरमन नावाच्या जाणत्या वादकापाशी राहिला, शिकला, रात्रंदिवस रियाज केला आणि तयार होऊन परतला. सैतानाच्या कथेत नेमके हेच पुसले जाते. काळ्या माणसाच्या विद्येमागे गुरू होता, शिस्त होती, वर्षांची मेहनत होती, हे मान्य करण्यापेक्षा तेथे काही गूढ शक्ती होती असे मानणे जगाला सोपे गेले. श्रमाचे मोल नाकारण्याची एक रीत म्हणजे श्रम झालेच नाहीत असे म्हणणे.

मग या विद्येचे स्वरूप काय? ब्लूजचा रूढ साचा बारा मापांचा असतो आणि त्यात तीन ओळी असतात. पहिली ओळ गायची, तीच दुसऱ्यांदा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळ गळा अर्ध्यावर सोडतो आणि उरलेल्या अवकाशात गिटार बोलते. भजनात बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, तसे हे आहे. फरक इतकाच, की येथे बुवा आणि टाळकरी एकाच माणसात वसतात. एकट्याने बसून समुदाय उभा करण्याची ही युक्ती आहे. दुसरी गोष्ट स्वराची. गिटारीच्या पडद्यांनी युरोपीय संगीताचे स्वर पक्के बांधलेले असतात. ब्लूज वादकाला हवा असलेला गंधार मात्र कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कोठेतरी असतो. तो गाठण्यासाठी तो तार बाजूला ताणतो, किंवा बोटात बाटलीचा गळा अडकवून तारेवर सरकवतो. आपल्याकडे मींड कानावर असलेल्या श्रोत्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही. डब्ल्यू. सी. हँडी या कृष्णवर्णीय संगीतकाराने १९०३ च्या सुमारास टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहताना फाटक्या कपड्यांतील एका माणसाला तारांवर चाकू दाबून वाजवताना ऐकले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ती आठवण लिहिली आणि तिला हवाईयन गिटारीची उपमा दिली. ज्या वाद्यात आपला स्वरच बसवलेला नाही, त्या वाद्यातून तो काढून घेणे, हे या विद्येचे मर्म होय. यंत्र कारखान्याचे, पडदे दुसऱ्याने ठोकलेले. परंतु स्वर वादकाचा स्वतःचा.

आता हिशेबाकडे वळू. १९२० मध्ये मॅमी स्मिथ या गायिकेच्या तबकडीचा अफाट खप झाला आणि काळे लोक पोटाला चिमटा घेऊनही तबकड्या विकत घेतात, हे कंपन्यांना कळले. डेल्टातील पहिल्या पिढीचे वादक ज्या पॅरामाउंट छापाच्या तबकड्यांवर वाजले, त्या काढणारी मूळ संस्था विस्कॉन्सिन राज्यातील खुर्च्या बनविणारी कंपनी होती. ती ग्रामोफोनची लाकडी कपाटे बनवी. कपाटे खपावीत म्हणून तबकड्या काढू लागली. डॉकरी मळ्याशी आयुष्यभर नाते असलेला चार्ली पॅटन हा डेल्टा ब्लूजचा आद्य पुरुष म्हणावा असा वादक. १९२७ च्या महापुरावरचे त्याचे गाणे हा त्या काळाचा दस्तऐवज आहे. त्याच्या तबकड्या १९२९ पासून निघाल्या त्या याच कपाटवाल्यांकडून. १९३० मध्ये पॅटनबरोबर सन हाउस हा वादकही ध्वनिमुद्रणासाठी उत्तरेत गेला. त्याला चाळीस डॉलर मिळाले. कापसाच्या शेतात तेवढी रक्कम हाती पडायला जवळपास वर्ष लागले असते, असे त्याने पुढे सांगितले.

या चाळीस डॉलरांवर क्षणभर थांबले पाहिजे. भांडवलशाहीचा समर्थक म्हणेल, की करार खुषीचा होता. वादकाला वर्षाची कमाई काही तासांत मिळाली, मग अन्याय कोठे झाला? वादकही खुषीतच परतला, हे खरे. पण चाळीस डॉलर ही रक्कम मोठी का वाटली? ती मोठी वाटली ती मळ्याच्या खतावणीमुळे. ज्याला वर्षभराच्या श्रमाचे जवळजवळ काहीच मिळत नाही, त्याला गाण्याचे सारे हक्क कवडीमोलाने देताना आपण काही गमावतो आहोत असे वाटत नाही. गाण्याची किंमत श्रोत्यांच्या मागणीने ठरली नाही, तबकड्यांच्या खपानेही ठरली नाही. ती ठरली कापसाच्या मजुरीने. पहिल्या खतावणीतील लुटीने दुसऱ्या खतावणीतील लूट शक्य केली. एका क्षेत्रातले शोषण दुसऱ्या क्षेत्रातल्या ‘खुषीच्या’ कराराची अट कशी बनते, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. स्वतः हँडीने, जो लिहिता-वाचता आणि संगीतलेखन जाणणारा होता, १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क शंभर डॉलरांच्या आसपास विकून टाकले. ती चूक उमगल्यावर त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था चालवली आणि १९१४ चे ‘सेंट लुइस ब्लूज’ आपल्या हाती ठेवले. अक्षरे आणि भांडवल यांची जोड असलेल्याला हे साधले. मळ्यावरच्या वादकाला ते कोठून साधणार?

मळाही बदलत होता. २ ऑक्टोबर १९४४ रोजी क्लार्क्सडेलजवळच्याच हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. मालकाच्या हिशेबाप्रमाणे हाताने वेचलेल्या एका गाठीचा खर्च ३९ डॉलर ४१ सेंट, आणि यंत्राने वेचलेल्या गाठीचा ५ डॉलर २६ सेंट पडला. ज्यांना कर्जाच्या साखळीने मळ्यावर जखडून ठेवले होते, त्यांची आता मळ्याला गरज उरली नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. शिकागोतील त्यांची संख्या १९४० मध्ये सुमारे २ लाख ७८ हजार होती, ती १९६० मध्ये ८ लाख १३ हजारांवर गेली.

मडी वॉटर्स या लाटेतला एक. शिकागोत त्याने कागदाच्या कारखान्यात काम केले, ट्रक चालवला आणि रात्री वाजवले. गिरणगावात आलेला कोकणी किंवा घाटी कामगार गावचा तमाशा-भजन घेऊन चाळीत आला, तसाच हा. परंतु दारूच्या गुत्त्यातील गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना. तेव्हा तिला वीज जोडली गेली. विजेच्या गिटारीचा तो कर्कश, ताणलेला नाद हा कोणा कलावंताच्या लहरीतून जन्मला नाही. मोठ्या शहरात आपला आवाज पोहोचवण्याच्या गरजेतून जन्मला. १९४८ मध्ये त्याची तबकडी निघाली आणि पहिली आवृत्ती हातोहात संपली. ती काढणारे लेनर्ड आणि फिल चेस हे पोलंडमधून आलेले ज्यू स्थलांतरित बंधू होते. इतर कंपन्या ज्या संगीताकडे ढुंकून पाहत नव्हत्या, त्यावर त्यांनी पैसा लावला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण येथेही गीतांचे हक्क मालकांच्या भागीदारीतील ‘आर्क म्युझिक’ या संस्थेकडे गेले. अडचणीला पैसे, दारात मोटार, आणि त्यांची नोंद वादकाच्या खात्यावर, अशी रीत होती. मळ्यावर उचल होती, येथेही उचल होती. १९७० च्या दशकात मडी वॉटर्स आणि गीतकार विली डिक्सन यांना आपल्याच गाण्यांच्या पैशांसाठी ‘आर्क’विरुद्ध न्यायालयात जावे लागले, प्रकरण तडजोडीने मिटले. डिक्सनने पुढे एका जगप्रसिद्ध इंग्रज वाद्यवृंदावरही, १९६९ च्या त्यांच्या गाण्यात आपले गीत वापरल्याबद्दल, १९८५ मध्ये दावा लावला. तोही १९८७ मध्ये तडजोडीने मिटला. मिळालेल्या पैशांतून त्याने वृद्ध वादकांना त्यांचे हक्क परत मिळवून देण्यासाठी संस्था चालवली. आयुष्याच्या अखेरीस त्याने वैयक्तिक गाऱ्हाण्याचे सार्वजनिक कार्य केले, हे विशेष.

स्त्रियांची गोष्ट याहून कठीण. मेम्फिस मिनी ही आपल्या काळातील अव्वल गिटारवादकांपैकी एक. १९४२ च्या अखेरच्या रात्री शिकागोत तिने विजेच्या गिटारीवर केलेल्या वादनाचे वर्णन लँग्स्टन ह्यूज या थोर कवीने वृत्तपत्रात लिहून ठेवले आहे. १९७३ मध्ये मेम्फिस येथील शुश्रूषागृहात गरिबीत तिचे निधन झाले. एलिझाबेथ कॉटन डावखुरी. उजव्या हाताची गिटार उलटी धरून तिने स्वतःची पद्धत घडवली. तिची बरीचशी हयात दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करण्यात गेली. किशोरवयात रचलेले तिचे आगगाडीवरचे गाणे १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये भलत्यांच्याच नावावर नोंदले गेले. ते आपले असल्याचे मान्य करून घेण्यासाठी झगडावे लागले. घरकाम हा जसा हिशेबाबाहेरचा श्रम, तशीच तिची कलाही हिशेबाबाहेर राहिली.

चळवळीतील काही मंडळींचा एक आक्षेप असतो. ब्लूजमध्ये प्रेयसी सोडून गेल्याचे रडगाणे असते, दारू असते, आगगाडी असते. मालकाविरुद्ध शब्द नसतो. ही शरणागतीची कला नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर तबकड्यांच्या कारखान्यात मिळते. बिग बिल ब्रून्झी या वादकाने वर्णभेदावर थेट बोट ठेवणारे गीत रचले होते. अमेरिकेतील कंपन्यांनी ते नाकारले. अखेर १९५१ मध्ये त्याचे ध्वनिमुद्रण युरोपात झाले. १९५४ मध्ये जे. बी. लेन्वार याने अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने बेकारी आणि करांचे गाऱ्हाणे मांडले. कंपनीला ते मागे घेऊन शब्द बदलावे लागले. तेव्हा तबकडीवर जे नाही ते मनातही नव्हते, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. सेन्सॉर नेहमी सरकारचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो विक्रेत्याचा असतो. शिवाय ज्या मळ्यावर कर्जदाराने जागा सोडणे हाच गुन्हा, तेथे आगगाडीचे गाणे निव्वळ प्रवासवर्णन कसे असेल?

तरीही आक्षेपातील एक भाग मान्य केला पाहिजे. गिटारने एकट्याला वाट दाखवली. सर्वांना जमीन दिली नाही. ते काम संघटनेचे होते, आणि त्याचा इतिहासही याच प्रदेशात आहे. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कापसाचे भाव सावरण्यासाठी पेरा कमी करणाऱ्या मालकांना पैसे दिले. मालकांनी पैसे ठेवून घेतले आणि बटाईदारांना हुसकावले. तेव्हा जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा येथे अकरा गोऱ्या आणि सात काळ्या शेतकऱ्यांनी मिळून ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. तिच्या उभारणीत एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट हे समाजवादी कार्यकर्ते होते आणि अमेरिकन समाजवादी पक्षाचे नेते नॉर्मन थॉमस तिच्या पाठीशी होते. १९३५ मध्ये बर्डसाँग येथील सभेत मळेवाल्यांच्या माणसांनी थॉमस यांना व्यासपीठावरून खाली ओढले. गोरा आणि काळा बटाईदार एका सतरंजीवर बसतो, हे मालकांना सर्वांत अधिक झोंबले. संघटना दडपशाहीने आणि अंतर्गत मतभेदांनी क्षीण झाली. पण खतावणी मालकाच्या हातून काढायची तर ती सर्वांनी मिळूनच काढावी लागेल, हा धडा तिने घालून दिला.

१९६४ च्या जून महिन्यात हे दोन्ही प्रवाह एकमेकांजवळून गेले. काही तरुण गोरे संगीतप्रेमी हरवलेल्या वृद्ध वादकांना शोधत मिसिसिपीत हिंडत होते. ज्याच्या शोधात ते होते, तो सन हाउस त्यांना अखेर न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात सापडला. त्याच्यापाशी तेव्हा गिटारही नव्हती. त्याच महिन्यात शेकडो तरुण काळ्यांची मतदार-नोंदणी करण्यासाठी मिसिसिपीत उतरले, आणि २१ जूनच्या रात्री त्यांच्यापैकी तिघांचा खून झाला. जुन्या गाण्याच्या प्रेमात पडणे आणि ते गाणाऱ्याच्या मतासाठी प्राण पणाला लावणे, यांतील अंतर त्या जूनने दाखवून दिले. एकाने दुसऱ्याची निंदा करण्याचे कारण नाही. मात्र पहिल्याने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

डॉकरी मळ्याजवळच्या रूलव्हिल गावच्या फॅनी लू हेमर यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. त्या बटाईदार होत्या आणि मळ्यावर मजुरांच्या कामाची नोंद ठेवीत. मालक समोर नसला की त्याचे खोटे वजन काढून काट्यावर खरे वजन लावीत, म्हणजे वेचणाऱ्याला त्याच्या कापसाचे खरे माप मिळे. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या मतदार-नोंदणीसाठी इंडियानोला येथे गेल्या आणि त्याच रात्री अठरा वर्षांच्या जागेवरून त्यांना हाकलण्यात आले. १९६९ मध्ये त्यांनी सहकारी शेतीचा प्रयोग उभारला; पैशाअभावी तो काही वर्षांतच थांबला. काट्यावर खरे वजन लावणारा त्यांचा हात आणि पडद्यांमधला खरा स्वर शोधणारा गिटारवादकाचा हात हे एकाच मळ्यावर घडलेले हात होते.

त्याच इंडियानोलाच्या परिसरात बी. बी. किंग यांनी तरुणपणी ट्रॅक्टर चालवला. २००८ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय झाले. त्यात सरकी काढण्याच्या जुन्या कारखान्याची इमारत सामावलेली आहे. २०१५ मध्ये त्यांना तेथेच चिरविश्रांती मिळाली. हा सन्मान योग्यच होता. परंतु हॉप्सन मळ्यावर, जेथे यंत्राने माणसाला हटवले, तेथे आज बटाईदारांच्या झोपड्यांत पर्यटक पैसे देऊन मुक्काम करतात. दारिद्र्य संपण्यापूर्वीच त्याचे स्मारक झाले, आणि स्मारकाचे भाडेही बटाईदाराच्या वंशजाला मिळत नाही. अमेरिकेत आजही साध्या रेडिओवर गाणे लागले, तर गीताच्या हक्कदाराला मोबदला मिळतो. तबकडीवर प्रत्यक्ष वाजवणाऱ्याला कायद्याने मिळत नाही. जॉन वर्क यांचे नावही असेच मागे पडले. स्टोव्हॉलच्या त्या भेटीतून घडलेल्या त्यांच्या संशोधनाचे हस्तलिखित दशकानुदशके हरवलेले होते. ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०११ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव सुरू झाला. लुइझिआनाच्या बटाईदाराच्या घरी जन्मलेला, लहानपणी जाळीची तार काढून वाद्य बनवणारा बडी गाइ तेथे वाजवून गेला. मुंबईच्या श्रोत्यांनी त्याला मनापासून दाद दिली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, भारतीय कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, आणि चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील समान हक्क निर्मात्याला लिहून देता येणार नाही, अशी तरतूद आली. दुर्बळाने केलेली सही म्हणजे त्याची संमती नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे. सन हाउसच्या चाळीस डॉलरांना ते तत्त्व ठाऊक नव्हते.

कार्यकर्त्याने या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. शाहीर, वाघ्या, पोतराज, तमाशातील ढोलकीवाला यांना व्यासपीठावर बोलावताना त्यांच्या दुःखाचे कौतुक करण्याआधी त्यांच्या बिदागीचा हिशेब विचारावा. आणि कलावंत एकटा सुटला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानू नये. मडी वॉटर्स अडीच सेंटांसाठी निघून गेला, मोठा झाला, आणि काही दशकांनी पुन्हा हिशेबासाठीच न्यायालयात उभा राहिला. खतावणी एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली होती, एवढेच. ती उघडी पडावी, तिच्यातील बेरीज ज्याचे श्रम त्याला वाचता यावी आणि चूक असेल तर निर्भयपणे दाखवता यावी, हे काम गिटारने मागितले होते. ते अजून पुरे झालेले नाही.